मस्तकशूळ आणि मलावरोध

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनातील व्याख्यान)



घरात कोणी “डोके दुखते आहे” असे म्हटले की वडीलधाऱ्या मंडळींच्या तोंडून पहिला प्रश्न निघतो, तो “पोट साफ झाले आहे ना?” हा होय. उत्तर नकारार्थी आले की निदान झाले आणि त्याबरोबर उपायही ठरला. रात्री चहातून एरंडेल, किंवा सोनामुखीचा काढा, किंवा हल्लीच्या घरांतून औषधविक्रेत्याकडची जुलाबाची गोळी. पोटात साचलेले विष डोक्यात चढते, ते बाहेर पडले की डोके हलके होते, अशी ही विचारसरणी आहे. ती कितपत खरी, याचा विचार मी आज आपणांपुढे मांडणार आहे. माझे म्हणणे प्रारंभीच सांगून टाकतो. मस्तकशूळ आणि मलावरोध यांचा संबंध खरा आहे. परंतु त्याचे जे कारण आपण धरून चाललो आहोत, ते खरे नाही. कारण चुकीचे धरल्यामुळे उपायही चुकतो, आणि त्या चुकीचा भार घरातील स्त्रियांवर व मुलांवर अधिक पडतो.

प्रथम मलावरोध कशास म्हणावे, ते पाहू. रोज सकाळी एकदा शौचास झाले नाही म्हणजे मलावरोध झाला, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः दिवसातून तीन वेळांपासून आठवड्यातून तीन वेळांपर्यंत कोणतेही प्रमाण निरोगी माणसात आढळते. आठवड्यातून तीनपेक्षा कमी वेळा शौचास होणे, पुष्कळ कुंथावे लागणे, मळ खड्यांसारखा होणे, जाऊन आल्यावरही कोठा मोकळा न वाटणे, ही लक्षणे काही आठवडे टिकली म्हणजेच त्यास मलावरोध म्हणावे. एक दिवस चुकला म्हणून घाबरून जुलाब घेणारा मनुष्य नसलेल्या रोगावर औषध घेत असतो.

आपल्या प्राचीन वैद्यकाने या प्रश्नाकडे कोणत्या दृष्टीने पाहिले, ते सांगण्याजोगे आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातवा अध्याय ‘नवेगान्धारणीय’ या नावाचा आहे. शरीराचे तेरा नैसर्गिक वेग रोखू नयेत, असे तेथे सांगितले आहे. शौचाचा वेग रोखला असता पक्वाशयात व मस्तकात शूळ उठतो, वायू व मळ अडतात, पोटऱ्यांत गोळे येतात आणि पोट फुगते, अशी लक्षणे त्या ठिकाणी दिली आहेत. आपण येथे एका शब्दाकडे लक्ष द्यावे. मळ साचला असता डोके दुखते, असे या ठिकाणी म्हटलेले नाही. वेग रोखला असता दुखते, असे म्हटले आहे. हा भेद लहान दिसतो. माझ्या आजच्या प्रतिपादनाचा सारा आधार मात्र त्यावरच आहे.

विषाची कल्पना पाश्चात्त्य देशांतही एके काळी फार प्रबळ होती. विसाव्या शतकाच्या आरंभी लंडनमधील सर विल्यम आर्बथनॉट लेन या नामांकित शस्त्रवैद्याने आतड्यात मळ रेंगाळल्याने सर्व शरीर विषारी होते, असे मत मांडले; आणि ते मत केवळ मांडून न थांबता त्यांनी अनेक रोग्यांची मोठी आतडी शस्त्रक्रिया करून काढून टाकली! १९०८ साली नोबेल पारितोषिक मिळविणारे मेचनिकॉफ हेही मोठ्या आतड्यातील कुजण्यामुळे वार्धक्य लवकर येते असे मानीत, आणि त्यावर उपाय म्हणून आंबविलेले दूध सुचवीत. इतक्या थोर माणसांनी पाठ थोपटल्यावर जुलाबाच्या औषधांचा व्यापार भरभराटीस आला असल्यास त्यात नवल नाही.

या कल्पनेस जबर धक्का दिला तो वॉल्टर आल्व्हारेझ या अमेरिकन वैद्याने. १९१९ साली त्यांनी अगदी साधा प्रश्न विचारला. मलावरोधाने डोके जड झालेला मनुष्य शौचास जाऊन आला की त्यास ताबडतोब मोकळे वाटू लागते. रक्तात विष भिनल्यामुळे जर ते डोके दुखत असेल, तर इतक्या अल्प वेळात ते विष गेले कोठे? मद्य घेतलेल्या माणसाची पोटातील बाटली रिकामी केली म्हणून त्याची झिंग तत्क्षणी उतरत नाही. १९२२ साली डोनाल्डसन यांनी प्रयोगच करून पाहिला. निरोगी माणसांना काही दिवस शौचास जाऊ दिले नाही, तेव्हा त्यांना डोकेदुखी, सुस्ती, अन्नावर वासना नसणे, चिडखोरपणा ही सर्व लक्षणे झाली. पुढे मळाच्या जागी स्वच्छ कापसाचे बोळे गुदाशयात भरून पाहिले, तेव्हाही जवळजवळ तीच लक्षणे उत्पन्न झाली! कापसात विष कोठून येणार? गुदाशय ताणला जातो, त्या ताणाचे संदेश मज्जातंतूंच्या द्वारे मेंदूकडे जात राहतात, आणि ज्यांचा स्वभावतः डोके दुखण्याकडे कल असतो त्यांचे डोके दुखू लागते, असा त्याचा अर्थ आहे. चरकाचा ‘वेग’ आणि डोनाल्डसन यांचा कापूस एकाच ठिकाणी बोट ठेवतात, याचे मला नेहमीच कौतुक वाटत आले आहे.

येथे एक अपवाद नोंदविणे माझे कर्तव्य आहे. ज्यांचे यकृत निकामी होत चालले आहे, अशा रोग्यांच्या बाबतीत आतड्यात तयार होणारा अमोनिया यकृताकडून निर्विष केला जात नाही व तो खरोखरच मेंदूपर्यंत पोहोचतो. असा रोगी गोंधळल्यासारखा बोलू लागतो, दिवसा झोपतो, रात्री जागतो. त्याचा कोठा साफ राखणे हे त्याच्या प्राणरक्षणाचे साधन आहे आणि त्याकरिता डॉक्टर त्यास नेमाने औषध देतात. ते औषध घरच्या मंडळींनी आपल्या मताने बंद करू नये. इतरांच्या बाबतीत मात्र ‘पोटातले विष’ हा शब्द सोडून देणेच बरे.

आता अर्धशिशीकडे वळू. कारण घरोघरी जिला नुसती ‘डोकेदुखी’ म्हणतात, तिच्यात अर्धशिशीचा वाटा फार मोठा असतो, आणि ती पुरुषांपेक्षा स्त्रियांना सुमारे तिपटीने अधिक छळते. अर्धशिशी हा केवळ डोक्याचा रोग नाही. झटका येण्यापूर्वी कित्येक तास, क्वचित एक-दोन दिवस आधीपासून शरीरात त्याची पूर्वतयारी चाललेली असते. जांभया येतात, मान आखडते, मन विनाकारण उदास वा चिडखोर होते, गोड खावेसे वाटते, आणि कित्येकांना याच काळात मलावरोध होतो. दुसऱ्या दिवशी डोके ठणकू लागले की ती बाई म्हणते, “काल कोठा साफ झाला नाही, म्हणून आज उठली.” वास्तविक कालचा मलावरोध हा आजच्या झटक्याची पहिली पायरी होता, त्याचे कारण नव्हे. पाहुण्याच्या पुढे त्याची बातमी आली, म्हणून बातमीने पाहुण्यास आणले असे होत नाही.

आतडे आणि मेंदू यांचे नाते किती निकटचे आहे, याचे एकच उदाहरण देतो. सिरोटोनिन नावाचे जे द्रव्य अर्धशिशीच्या शास्त्रात फार महत्त्वाचे मानले जाते, त्यापैकी सुमारे नव्वद टक्के द्रव्य मेंदूत नव्हे, तर आतड्यात असते. झटक्याच्या वेळी जठराचीही गती मंदावते. मळमळ सुटते, आणि उशिरा घेतलेली वेदनाशामक गोळी पोटातच पडून राहते. म्हणूनच डॉक्टरांनी दिलेली गोळी झटक्याच्या प्रारंभीच घ्यावी, “बघू या थांबतेय का” असे म्हणत दुपारपर्यंत वाट पाहू नये.

याच्या उलट बाजूकडे आपले लक्ष फारसे जात नाही. डोकेदुखीवरील औषधेच पुष्कळदा मलावरोध उत्पन्न करतात. कोडीनयुक्त गोळ्यांनी आतडे सुस्त होते. अर्धशिशी वारंवार येऊ नये म्हणून देण्यात येणारे अमिट्रिप्टिलीन, व काही प्रकारच्या डोकेदुखीवर देण्यात येणारे व्हेरापामिल, या दोहोंनीही मलावरोध होतो. २०१८ साली अमेरिकेत मान्यता मिळालेल्या एरेन्युमॅब या इंजेक्शनाच्या बाबतीत तर तीव्र मलावरोधाचा इशारा औषधाबरोबरच्या माहितीपत्रकात पुढे घालावा लागला. पांडुरोगासाठी घेतलेल्या लोहाच्या गोळ्या व हाडांसाठी घेतलेले कॅल्शियम हेही त्याच पंक्तीतले. आता क्रम पाहा. डोके दुखते म्हणून गोळी. गोळीने कोठा जड. कोठा जड म्हणून जुलाब. जुलाबाने शरीरातील पाणी कमी होऊन पुन्हा डोके जड. म्हणून पुन्हा गोळी. वर्षानुवर्षे या रहाटगाडग्यात फिरणाऱ्या भगिनी आपल्यातही थोड्या नाहीत. त्यातच साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातून पंधरा किंवा अधिक दिवस, आणि कोडीनयुक्त वा मिश्र गोळ्या दहा किंवा अधिक दिवस, याप्रमाणे तीन महिन्यांहून अधिक काळ घेतल्या गेल्या तर गोळीमुळेच रोज डोके दुखू लागते. अशा वेळी आणखी जुलाब घेऊन काय होणार? गोळ्यांचा हिशेब लिहून ठेवून तो डॉक्टरांना दाखविणे, हा त्यावरचा पहिला उपाय. मात्र डॉक्टरांनी लिहून दिलेले औषध त्यांना न विचारता एकाएकी थांबवू नये.

काही वेळा दोन्ही तक्रारींचे मूळ एकच असते. पाणी कमी पिणे हे त्यातले सर्वांत साधे. कंठग्रंथीचे, म्हणजे थायरॉइडचे, कार्य मंदावले की मलावरोध, डोकेदुखी, थकवा, थंडी सहन न होणे, वजन वाढणे ही सर्व लक्षणे हळूहळू येतात, आणि घरचे लोक “आळस भरला आहे” असे म्हणून मोकळे होतात. साध्या रक्ततपासणीने त्याचा उलगडा होतो.

आणि आपले उपवास! उपवासाच्या धार्मिक बाजूविषयी बोलण्याचा मला अधिकार नाही. परंतु एकादशीचा आपला फराळ पाहिला तर साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, तळलेल्या पापड्या आणि चार वेळा चहा, असा तो असतो. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. चोथा त्यात नावालाही नाही. ज्यांना अर्धशिशी आहे त्यांचे डोके दीर्घकाळ पोटात अन्न नसल्याने दुखते, आणि कडक उपवासात ज्या चहाही वर्ज्य करतात त्यांचे डोके नेहमीचा चहा न मिळाल्यानेही दुखते. द्वादशीला कोठा जड होतो तो या फराळामुळे. राजगिरा, रताळे, फळे, ताक यांना उपवासात मज्जाव नाही, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे.

भगिनींनो, आता मी मूळ मुद्द्यावर येतो. वेग रोखणे हे जर डोकेदुखीचे एक खरे कारण आहे, तर आपल्या घरांत वेग रोखतो कोण? पुरुषवर्गाचे तसे बरे चालले आहे. यजमान सकाळी उठतात, चहा घेतात, वर्तमानपत्र घेऊन शौचकूपात जातात आणि अग्रलेख संपल्यावर बाहेर येतात. हल्ली वर्तमानपत्राच्या जागी मोबाईल आला आहे व अग्रलेखास अंत उरलेला नाही. (तेथे अर्धा तास बसून राहणेही हितावह नाही, मूळव्याधीस ते आमंत्रण होय.) परंतु त्याच वेळी घरातील गृहिणी काय करीत असते? शरीराचा असा धर्म आहे की सकाळी उठल्यानंतर व पोटात काही गेल्यानंतर मोठ्या आतड्यात जोराची हालचाल होते व वेग येतो. नेमक्या त्याच घटकेस तिच्या एका चुलीवर दूध, दुसरीवर पोळीचा तवा, आणि ओट्यावर डबे उघडे असतात. ती वेग आवरते. आवरलेला वेग काही मिनिटांत मावळतो. मळ मागे सरकतो, आतडे त्यातील पाणी शोषून घेते, तो कोरडा होतो. असे महिनोन्‌महिने चालले की गुदाशयाची जाणीवच बोथट होते आणि पुढे वेग येईनासा होतो. मग अकराच्या सुमारास तिचे डोके जड होते, कपाळास सुंठ नाहीतर बाम लागतो, आणि रात्री एरंडेल.

जुन्या वाड्यांतून व चाळींतून सामाईक शौचकूपापुढे रांग असे, आणि नव्या सुनेने त्या रांगेत उभे राहण्याचा संकोच करावा असाच संकेत होता. आज पुष्कळांकडे स्वतंत्र सोय झाली, ही आनंदाची गोष्ट. तथापि नोकरीनिमित्त उपनगरी गाडीने दीड-दीड तास प्रवास करणाऱ्या आमच्या मुली सकाळी घरून निघाल्यापासून मुक्कामी पोहोचेपर्यंत पाण्याचा घोट घेत नाहीत, कारण वाटेत जाण्याजोगी जागा नसते. शाळेत जाणाऱ्या मुलींची तीच कथा. शाळेची शौचकूपे अस्वच्छ असतात, दाराला कडी नसते, म्हणून मुलगी सकाळपासून पाणी पीत नाही व वेग आवरून धरते. दुपारी घरी येते ती डोके धरूनच. तिला चष्म्याच्या दुकानात नेले जाते, अभ्यासाचा ताण म्हणून दटावले जाते. परंतु शाळेत जाण्यापूर्वी तुला शौचास जाण्यास वेळ मिळतो का, हे तिला कोणी विचारीत नाही. लहान मुलास एकदा खडा होऊन दुखले की ते भीतीने मळ धरून ठेवते, आणि धरल्याने तो अधिक कठीण होतो. अशा मुलाला दामटून जुलाब पाजणे किंवा रागे भरणे याने ती भीती वाढते. त्याला रोज जेवणानंतर पाच-दहा मिनिटे शांतपणे बसविणे, पायाखाली पाट देणे आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने मळ मऊ करणारे सौम्य औषध काही महिने चालू ठेवणे, हाच मार्ग होय.

मोठ्यांसाठीही उपाय साधेच आहेत. सकाळचा पहिला चहा झाल्यावर दहा मिनिटे घरातील कर्त्या स्त्रीची असावीत. तेवढा वेळ तवा यजमानांनी सांभाळावा. पोळी करपली तर करपू द्यावी. उकिडवे बसण्याची आपली जुनी पद्धत या कामी उत्तम, कारण त्या स्थितीत गुदाशयाचा वाक सरळ होतो. ज्यांना गुडघ्यांमुळे कमोड वापरावा लागतो त्यांनी पायांखाली टीचभर उंचीचा पाट घ्यावा. आहारात दिवसाला २५ ते ३० ग्रॅम चोथा असावा. ज्वारी-बाजरीची भाकरी, मोड आलेल्या कडधान्यांची उसळ, पालेभाजी, कोशिंबीर, पेरू, पपई यांनी तो सहज भरून निघतो. मैद्याची बिस्किटे व पाव यांनी निघत नाही. चोथा हळूहळू वाढवावा, एकदम वाढविल्यास पोट फुगते. इसबगोल घ्यावयाचा तर चमचा-दोन चमचे, पेलाभर पाण्याबरोबर ताबडतोब. कमी पाण्यात घेतल्यास तो घशात वा आतड्यात अडकतो.

जुलाबाविषयी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. जोरदार रेचकाने संपूर्ण आतडे रिकामे झाले की ते पुन्हा भरण्यास दोन-तीन दिवस लागतात. त्या दिवसांत शौचास होत नाही, हे अगदी स्वाभाविक आहे. परंतु मनुष्य त्यास पुन्हा मलावरोध समजतो व पुन्हा जुलाब घेतो. दर रविवारच्या एरंडेलाची प्रथा अशीच स्वतःला पोसत राहते. नाव-गाव नसलेल्या चूर्णांपासून तर दूरच राहावे. २००४ साली अमेरिकेत बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या, दक्षिण आशियात तयार झालेल्या ७० आयुर्वेदीय औषधांची तपासणी झाली; त्यापैकी १४ औषधांत शिसे, पारा वा आर्सेनिक आढळले. शिशाच्या विषबाधेची प्रमुख लक्षणे कोणती, तर पोटात कळा, मलावरोध आणि डोकेदुखी! म्हणजे ज्या व्याधीवर औषध घ्यावे, तीच व्याधी पुडीतून घरात यावी.

काही लक्षणांत घरगुती विचारास जागाच नाही. क्षणार्धात उसळलेली, आयुष्यात कधी झाली नव्हती अशी असह्य डोकेदुखी. तापाबरोबर मान ताठ होणे. हातापायातील शक्ती, वाचा वा दृष्टी जाणे. पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली डोकेदुखी. खोकताना वा कुंथताना दर वेळी डोके फुटल्यासारखे होणे. तसेच शौचावाटे रक्त, वजन घटणे, पांडुता, किंवा उतारवयात शौचाची सवय एकाएकी बदलणे. यांपैकी काहीही झाले तर ‘कोठा साफ होऊ दे, मग पाहू’ असे म्हणू नये.

अखेरीस मंडळाच्या कारभाराविषयी दोन शब्द बोलण्याची अध्यक्षांनी मला परवानगी दिली आहे. आपल्या कार्यालयाच्या दुरुस्तीचा व विद्यार्थिनी वसतिगृहाच्या नव्या मजल्याचा आराखडा उद्याच्या सभेपुढे यावयाचा आहे. तो मी पाहिला. रंगमंच प्रशस्त आहे, कमान सुरेख आहे. परंतु ज्या दिवाणखान्यात लग्नाच्या दिवशी तीनशे स्त्रिया असतात, त्याच्या मागे स्त्रियांसाठी दोनच शौचकूपे दाखविली आहेत आणि ती स्वयंपाकघराच्या वाटेवर, पुरुषांच्या बैठकीसमोरून जाणारी. वसतिगृहात बारा मुलींमागे एक, आणि सर्वांचे कॉलेज सकाळी सातचे! कमानीची उंची दोन फूट कमी करून त्या पैशांत शौचकूपांची संख्या दुप्पट होत असेल, त्यांना आतून नीट कडी, रात्रभर दिवा आणि सदैव पाणी मिळत असेल, तर कार्यकारी मंडळाने याचा विचार करावा, अशी माझी सूचना आहे, आणि ती मी लेखी चिटणिसांकडे दिली आहे.

प्रश्नोत्तरांसाठी वीस मिनिटे राखून ठेवलेली आहेत. ज्यांना सर्वांसमक्ष विचारण्याचा संकोच वाटत असेल, त्यांनी नाव न घालता चिठ्ठीवर प्रश्न लिहावा. दारापाशी त्यासाठी एक पेटी ठेवली आहे. पेटी वाचनालयातल्या भगिनींच्या बाजूस आहे.